फळीवरची चूल

बातमी आली तेव्हा तिसरीच्या वर्गाला सातचा पाढा म्हणायला लावून मी खिडकीत उभी होते. बोरी अरबच्या बाजारातून परतणारा आमच्याच गावचा एक बंडीवाला शाळेच्या कुंपणाशी थांबला आणि बसल्या जागेवरून म्हणाला, ‘‘बाई, उस्मानचाचा गेले. काल दुपारी माती झाली.’’ एवढं सांगून त्यानं बैल हाकले. पोरं पाढ्यात पुढं गेली, पाढा संपला, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. त्यांना थांबवायचं मला सुचलंच नाही.

खरं सांगायचं तर आधी दुःख झालं नाही. आधी भीती वाटली. कारण नऊच दिवसांपूर्वी मी त्या माणसाशी खोटं बोलले होते, आणि ते निस्तरायचं राहून गेलं होतं. आता चाळीस दिवस होऊन गेलेत. चाचांबद्दल लिहा, असं वर्तमानपत्राच्या पुरवणीवाल्यांनी सांगितलं, तेव्हा पहिल्यांदा नाहीच म्हटलं. मेलेल्या माणसाबद्दल गोड गोड लिहिणं मला जमत नाही, आणि चाचांनाही ते आवडलं नसतं. पण खोट्याचं ओझं आहे, ते कुठंतरी उतरवायला हवंच…

उस्मानचाचा बंड्या बनवायचे. बैलगाडीला आमच्याकडे बंडी म्हणतात. बोरीत बाजाराच्या मागच्या अंगाला त्यांचं आवार होतं, आणि आसपासच्या वीस-पंचवीस गावांत त्यांच्या हातची चाकं फिरत होती. अंगठेबहाद्दर माणूस. उंच, किंचित वाकलेला, कानावर पेन्सिलीऐवजी कोळशाचा तुकडा. गोड बोलणं त्यांना ठाऊक नव्हतं. गिऱ्हाइकानं घाई केली तर म्हणायचे, ‘‘तुह्या बापाची बंडी अजून चालून राह्यली ना, मंग बैस.’’

शेवटची भेट झाली ती त्याच आवारात. केंद्रशाळेत मीटिंग होती, ती आटोपून मी सहज डोकावले. चाचा बाजेवर बसले होते. गालफडं बसलेली, हातांच्या शिरा वर आलेल्या. त्या हातांकडे पाहून मला भडभडून आलं. मला पाहताच त्यांनी नेहमीचंच विचारलं, ‘‘उतरली काय व चूल?’’ आठ वर्षं हा माणूस भेटला की आधी हेच विचारायचा. तब्येत नाही, पोरंबाळं नाहीत, पीकपाणी नाही. आणि आठ वर्षं मी एकच उत्तर देत आले होते की अजून नाही. त्या दिवशी मात्र वाटलं, याला एकदा तरी ‘हो’ ऐकू द्यावं. म्हणाले, ‘‘उतरली, चाचा.’’ ते माझ्याकडे बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, ‘‘मंग मले जेवाले नाही बोलावलं?’’ बोलावणं येईल ना चाचा, पुढच्याच आठवड्यात येईल, असं काहीबाही बोलून मी तिथून जवळजवळ पळच काढला.

चुलीचा हा काय प्रकार आहे, ते समजायला सत्तावन्नच्या उन्हाळ्यात जायला हवं.

छप्पन साली आमच्या लोकांनी धम्म घेतला. घेतला म्हणजे नुसता घेतला नाही, मेलेली ढोरं ओढायची बंद केली, सणावाराला दारोदार हात पसरणं बंद केलं. गावाला ते झोंबलं. आमची तेरा घरं ज्या जागेवर होती ती जागा एका मोठ्या शेतकऱ्याची. पिढ्यान्‌पिढ्या त्याला त्या जागेची आठवण नव्हती, ती नेमकी त्या उन्हाळ्यात झाली. झोपड्या उठवा म्हणाला, आणि माणसं आणून उठवल्या. मी तेव्हा लग्न होऊन नुकतीच आलेली, अंगाची हळदही पुरती गेली नव्हती. नवरा दारव्ह्याला जिनिंगमध्ये, आठवड्यातून एकदा घरी. घर म्हणजे मी आणि सासू. तिला मी आत्याबाई म्हणते. पहिला दीड महिना आमचा संसार एका कडुनिंबाखाली लुगड्याच्या आडोशानं चालला. नवी नवरी झाडाखाली कशी नांदली, ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, आणि इथंही सांगणार नाही.

जागांसाठी तहसिलीत अर्ज गेला होता. पण त्यात एक मेख होती. अर्जदार गावच्या हद्दीत राहत असला पाहिजे. कोणी आर्णीला भावाकडे, कोणी यवतमाळला मजुरीला पांगलं, की इथं कोणी राहतच नाही म्हणून अर्ज फेटाळला जाणार. म्हणजे जागा मिळेपर्यंत गावातच राहायचं, आणि राहायला जागा नाही. दुसरीकडे सरकारी पडीक जमिनीवर साधा खांब रोवला तरी पटवारी अतिक्रमण लिहून नेणार, आणि मग अर्जावरच शाई सांडणार. तेरा घरं अशी अडकून पडली होती.

चाचा आमच्या लोकांकडून बाभळीची लाकडं घ्यायचे. त्यासाठीच आले होते. कडुनिंबाखालचं सगळं बघून हळहळ वगैरे काही व्यक्त केली नाही. एका भांड्याला काठी लावत एवढंच विचारलं, की हे सगळं मिळून एका बंडीत मावतं काय? कोणीतरी म्हणालं, मावतं. झालं, निघून गेले. नंतर कळलं की तिथून ते सरळ पटवाऱ्याकडे गेले आणि विचारलं, पडकावर बंडी उभी केली तर अतिक्रमण होते काय? पटवारी हसला म्हणे. बंडीचं कसलं अतिक्रमण, बंडी तं उद्या चालली जाते. चाचांना तेवढंच पाहिजे होतं.

महिनाभरानं त्यांनी पहिलं घर आणलं. हो, आणलं. एका बंडीतून. खाली दोन जाड आडवी लाकडं, नुसती जमिनीवर टेकवलेली, दगडांवर समपातळीत. त्यांच्यात सागाचे खांब बसायचे, खांबांत आडव्या फाट्या. भिंती बांबूच्या विणलेल्या तट्ट्यांच्या. छप्पर म्हणजे दोन तट्ट्यांमध्ये गवत दाबून शिवलेले दोन पल्ले. खिळा एकही नाही, सगळं बाभळीच्या पाचरांवर. बंडीचं चाक जसं पाचर ठोकून आवळतात, तसं घर आवळायचं, आणि निघायचं झालं की पाचरी काढायच्या. कोणती पाचर कुठली हे कळायला त्यांनी खाचा केल्या होत्या, एक खाच, दोन खाचा, तीन. मी सातवी पास म्हणून मिरवत पुढं झाले आणि म्हटलं, मी रंगानं आकडे टाकून देते. चाचा म्हणाले, रंग पावसात जाते, आणि आकडे तुलेच वाचता येतात, खाच बोटालेबी वाचता येते.

पुरुषमंडळी हरखून गेली. का नाही हरखणार, चाचांनी तेराही घरच्या कर्त्या माणसांना विचारून माप घेतलं होतं. उंची किती, झोपणारे किती, तसबीर कुठं लावायची, पाळणा कुठं टांगायचा. कपड्यांना खुंट्यासुद्धा होत्या. मग आत्याबाई आत गेली. मधोमध उभी राहिली, चारी बाजूंना पाहिलं आणि विचारलं, ‘‘चूल?’’

त्या घरात चूलच नव्हती. महिनाभर राबलेल्या त्या शहाण्या माणसानं एका बाईलाही काही विचारलं नव्हतं, आणि आमच्या तेरा कर्त्या पुरुषांपैकी एकाच्याही ध्यानात ते आलं नव्हतं. चाचा म्हणाले, चूल काय, मातीचीच असते, जिथं जाल तिथं नवी घाला. ज्यानं कधी चूल घातली नाही तोच असं बोलू शकतो. ओली चूल वाळायला आठवडा जातो, तोवर धुरानं डोळे जातात, आणि पावसाळ्यात तर ती वाळतच नाही. पण आत्याबाई यातलं काही बोलली नाही. ती म्हणाली, ‘‘उस्मानभाऊ, चूल मोडाचं तं लोकं आमाले शिकवूनच राह्यले. तुमी कायले शिकवता?’’

चाचांचा चेहरा उतरला. चहा ठेवला होता, तो न घेता निघून गेले. मला आत्याबाईचा असा राग आला की विचारू नका. एवढं कोणी केलं आपल्यासाठी, आणि हिला चुलीचं पडलंय! तिनं चहा मात्र निखाऱ्यावर तसाच ठेवला.

तिसऱ्या दिवशी चाचा परत आले. बंडीत एका जुन्या बंडीच्या तळाची सागवानी फळी, चांगली चार बोटं जाड. तिच्यावर पत्रा, कडेला पट्ट्यांचा काठ. ही फळी घराच्या खालच्या लाकडांवर चार पाचरींनी बसायची. त्यांनी ती आत्याबाईपुढं ठेवली आणि म्हणाले, ‘‘भाबी, याच्यावर घाल चूल. घर जाईल तिथं चूलबी जाईल.’’ आत्याबाईनं घातली. पहिली चूल बंडीच्या हादऱ्यांनी तडकली. तेव्हा चाचांनी डोक्याला हात लावला, पण आत्याबाईनं मातीत बारीक कुटार, म्हणजे भुसा, आणि शेळीचे केस मळले, वर दोनदा पोतेरं फिरवलं, आणि दुसरी चूल बोरीपर्यंत जाऊन आली तरी तिला साधी चीर गेली नाही. मग दोघांनी मिळून तेरा घरांच्या तेरा फळ्या केल्या. चाचा फळी करायचे, आत्याबाई चूल. भांडायचे तर इतके, की ऐकणाऱ्याला वाटावं हे दोघे सख्खे बहीणभाऊ असणार.

तीन वर्षांत आम्ही चारदा हललो. नाल्याचा काठ, मग पडीक, मग एका भल्या माणसाच्या आमराईची कड, मग पुन्हा पडीक. पटवारी यायचा, बघायचा, जमिनीत खड्डा सापडायचा नाही, जायचा. पहिल्या खेपेचा दिवस मला लख्ख आठवतो. सकाळच्या भाकरी झाल्या, निखारे मडक्यात काढले आणि पाचरी काढून तेराही घरं खाली उतरवली. बंड्या भरल्या. दुपार टळायच्या आत नव्या जागेवर घरं उभी, आणि दिवस मावळायच्या आधी तेरा चुलींतून धूर निघत होता. गावातली माणसं बघायला आली. कडुनिंबाखाली आमच्याकडे बघून हसलेली तीच माणसं. त्या संध्याकाळी भाकरी थापताना मी रडले. कोणीही पांगलं नाही. एकही अर्ज फेटाळला गेला नाही.

महाराष्ट्र झाला त्या साली जागा मिळाल्या. तेराही घरांना, सरकारी शिक्क्याच्या कागदासकट. मातीच्या भिंती उठल्या. चाचांचा नियम असा, की घर जमिनीत बसलं की सांगाडा त्यांच्या आवारात परत करायचा, पुढच्याला लागतो. आणि पुढचा कोणीतरी असायचाच. आर्णीच्या बाजूला आगीत घरं गेली तेव्हा सात सांगाडे तिकडे गेले आणि वर्षभरानं परत आले. राजूरला कोळशाच्या खाणीवर नव्यानं आलेल्या मजुरांपर्यंतसुद्धा दोन पोचले होते. चुलीच्या फळ्या चाचा वेगळ्या ठेवायचे, भिंतीला ओळीनं टेकवून. बारा फळ्या. तेरावीची जागा मोकळी. ती आमची.

कारण आत्याबाई चूल उतरवायलाच तयार नव्हती. नवं घर, शेणानं सारवलेली सुरेख जमीन, आणि मधोमध, लाकडाच्या दोन तुकड्यांवर पाचरींनी आवळलेली ती फळी. चार पावसाळे जाऊ दे म्हणाली. गेले. आणखी जाऊ दे. मी तोवर मास्तरीण झाले होते, मला स्वयंपाकघरात ओटा पाहिजे होता, स्टोव्ह पाहिजे होता. त्या फळीला ठेचकाळून माझी करंगळी दोनदा सुजली. मी वाद घातला, रुसले, कागद काढून मोठ्यानं वाचून दाखवला. तिचं आपलं एकच, अजून नाही. मी मनात म्हणायचे, बाईच्या अंगातलं भ्या काही निघत नाही.

आणि चाचांचं दुसरंच. जागा मिळाल्या त्या दिवशीच ते आत्याबाईला म्हणाले होते, ‘‘जेव्हा चूल उतरवशीन तेव्हा मले जेवाले बोलाव. अंबाडीची भाजी अन् जवारीची भाकर. त्या चुलीवरचं जेवलो की माह्यं काम झालं.’’ आमच्याकडे ते चहा प्यायचे, पाणी प्यायचे, हक्कानं गूळ मागून खायचे. पण ताटावर कधी बसले नाहीत. आग्रह केला की म्हणायचे, तेव्हा जेवीन.

तर असं ते खोटं होतं. बोरीहून घरी येताना वाटेत ठरवलं होतं, की आत्याबाईला कसंही करून मनवायचं, चूल उतरवायची आणि चाचांना बोलवायचं, म्हणजे खोट्याचं खरं होईल. पण सांगायचं कसं? ती मला फाडून खाल्ल्याशिवाय राहिली नसती. आज सांगू, उद्या सांगू, मध्येच परीक्षा आल्या… आणि नवव्या दिवशी तो बंडीवाला कुंपणाशी थांबला.

त्या संध्याकाळी मी सगळं सांगून टाकलं. आत्याबाई सूप घेऊन जवारी निवडत होती. तिचे हात थांबले. मला वाटलं आता आग पाखडेल. तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, ‘‘मी कायले उतरवत नोती, मालूम हाये तुले?’’ मी म्हटलं, पुन्हा उठवतील म्हणून. तिनं मान हलवली. ‘‘ते भ्या तं कवाच गेलं. तो म्हणे, तुह्या चुलीवर जेवलो की माह्यं काम झालं. असं कोणी म्हणते काय, बाप्पा? त्याचं काम होऊ द्याचं नोतं मले.’’

मी शिकलेली आहे. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, आणि आमच्या धम्मातही तो बसत नाही. चाचा छातीच्या दुखण्यानं गेले, चूल उतरली असं मी म्हणाले म्हणून नव्हे. हे सगळं मला कळतं. तरीही त्या रात्री माझा डोळा लागला नाही. आठ वर्षं त्या बाईनं एक माणूस फळीवर धरून ठेवला होता, आणि मी दोन शब्दांत…

सकाळी ती म्हणाली, ‘‘तू त्याले सांगितलं ना उतरली म्हणून? मंग उतरव आता. तुह्याच हातानं.’’ मी पदर खोचून बसले. पहिली पाचर निघाली, दुसरी, तिसरी. चौथी काही केल्या हलेना. आठ वर्षं उष्णता खाऊन ती लाकडात पार मुरली होती. मी इकडून ठोकलं, तिकडून ठोकलं. आत्याबाई सवयीनं बोलून गेली, ‘‘उस्मानभाऊले विचारून ये.’’ आणि मग आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत बसलो. थोड्या वेळानं मी फळीखाली बोट घातलं. काजळीत काही दिसत नव्हतं, पण खाचा लागल्या. एक, दोन, तीन, चार. ज्या अंगाला खाचा त्याच्या उलट्या बाजूनं ठोकायचं, हे चाचांनी आम्हाला पहिल्या दिवशीच शिकवलं होतं. दोन ठोक्यांत पाचर हातात आली.

चूल जमिनीत बसवली. आत्याबाईनं तिच्याभोवती माती दाबली, पोतेरं फिरवलं, आणि अंबाडीची भाजी, जवारीच्या भाकरी केल्या. ताट फडक्यात बांधलं. फळी बंडीत टाकली आणि आम्ही दोघी बोरीला गेलो.

चाचांच्या बायकोनं, आमच्या चाचींनी, ताट घेतलं. त्यांना काही सांगायच्या आधीच माझे डोळे भरून आले, आणि शेवटी सांगितलं ते तोडकंमोडकंच. की मी खोटं बोलले होते, चूल उतरली नव्हती, ती आज उतरली. चाची ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘त्या दिवशी तू गेली अन् लगेच मले म्हणाले, माहा पांढरा कुर्ता धुऊन ठेव, भाबीचं बोलावणं येऊन राह्यलं. मी धुतला. रोज विचारत, वाळला काय.’’

त्यांनी खोलीकडे हात केला. आत भिंतीला बाभळीची एक खुंटी होती, आमच्या घरातल्यासारखीच, चाचांनीच केलेली. तिच्यावर कुर्ता होता. धुतलेला, बाह्या नीट घडी घातलेल्या. चाची ताट घेऊन त्या खोलीत गेल्या, खुंटीखाली जमिनीवर ठेवलं, आणि आत्याबाईला हात धरून शेजारी बसवलं. त्या दोघींनी त्या ताटातली भाकरी मोडून खाल्ली. मी आवारात गेले. बारा फळ्यांच्या ओळीत तेरावीची जागा आठ वर्षं तशीच मोकळी होती, कोणी काही ठेवलं नव्हतं. आमची फळी मी तिथं टेकवली आणि चारही पाचरी तिच्याखाली ठेवल्या.

ती फळी आता तिथं नाही. गेल्याच आठवड्यात नाल्याच्या पुरात घर गेलेलं एक कुटुंब ती सांगाड्यासकट घेऊन गेलं, आणि पाचर कोणत्या बाजूनं ठोकायची ते त्या बाईला मी दाखवून आले. येताना चाचींकडे टेकले. कुर्ता अजून खुंटीवरच आहे.